कमोडचं भोक जुळंना: ऑफसेट कनेक्टर का फरशी फोडायची?

आमच्या लातूरच्या घरी भिंतीच्या जुन्या टाईल्सवरच नवीन टाईल्स लावल्या, अन् भिंतीपासून फरशीतल्या मैलाच्या पाईपच्या भोकाच्या मधोमध 12 इंच होतं ते साडेदहावर आलं. नवीन कमोड 12 इंची एस ट्रॅपचा, म्हणजे मैला खाली फरशीत सोडणारा अन् भोक भिंतीपासून 12 इंचावर लागणारा, म्हणून टाकी भिंतीला अडकायली.

ऑफसेट कनेक्टर म्हणजे वाकडा रबरी-प्लास्टिकचा तुकडा, दीड-दोन इंचाचा फरक तेवढा भागवतो, अर्ध्या तासात काम होतं, धूळ नाही काही नाही. पण वाट वाकडी झाली की मैला अडकतो, अन् आपल्याकडं उन्हाळ्यात पाण्याची बोंब, 2016 ला तर रेल्वेनं पाणी आणलं होतं बघा, तेव्हा छोटा फ्लश दाबून भागवणाऱ्या घरात हे तुंबतंच.

फरशी फोडून पाईप सरकवायचा तर दोन-तीन दिवस जातात, टाईल्स बदलाव्या लागतात, पण उतार नीट मिळतो. तळमजला असल्यामुळं आम्ही हेच केलं. वरच्या मजल्यावर मात्र फोडू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्यांचं छत गळतं, तिथं ऑफसेट लावा नाहीतर सरळ 9 इंची कमोड घ्या, मागं थोडी फट राहील एवढंच.