आठ भागांत ख्रिस्ती धर्माची ओळख : एका इतिहास शिक्षिकेचा अभिप्राय

१०५४ हे साल मी वर्गात वर्षानुवर्षं एका ओळीत उरकलं. पूर्वेचं (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिमेचं (कॅथलिक) चर्च वेगळं झालं, चला पुढे. का वेगळं झालं हे मलाच नीट ठाऊक नव्हतं. ती रुखरुख होती, म्हणून हा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. परवा शेवटचा भाग ऐकून झाला.

जरूर घ्या, आणि चौथ्या भागासाठी तर घ्याच. विषय प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा. निवेदिका सुरुवात भाकरीपासून करते. कॅथलिक मिस्सात (उपासनेत) बेखमीर भाकरीची पातळ गोल चकती असते. ऑर्थोडॉक्स उपासनेत खमीर घालून फुगवलेली भाकर. ती द्राक्षारसासह छोट्या चमच्याने तोंडात देतात, बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालासुद्धा. हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त आहे, असं दोन्हीकडे मानतात. मग ती आपल्याला १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला नेते. कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंग्ली, समोरासमोर बसलेत. १५ पैकी १४ मुद्द्यांवर दोघांचं जुळतं आणि गाडं अडतं ते ‘हे माझे शरीर आहे’ या येशूच्या वाक्यावर. झ्विंग्लीच्या मते इथे ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’. ल्यूथरने ते वाक्य खडूने टेबलावरच लिहिलेलं, तो तसूभर हलत नाही. प्रोटेस्टंटांत इतके पंथ का, ते मला इथे उमगलं. हा प्रसंग मी दोनदा ऐकला.

पहिल्या भागात त्रैक्य (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती) समजावताना पाणी, बर्फ, वाफ हा दाखला ती मुद्दाम टाळते. त्यातून एकच देव तीन रूपं पालटतो असा अर्थ निघतो, आणि तो चर्चने फार पूर्वीच नाकारलाय. इतकी काळजी सोप्या अभ्यासक्रमात क्वचितच दिसते. १०५४ चं उत्तरही मिळालं : पोपच्या अधिकाराचा वाद तर होताच, पण पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या मतांगीकारातल्या (श्रद्धेच्या अधिकृत कबुलीतल्या) वाक्यात पश्चिमेने ‘आणि पुत्रापासून’ ही भर घातली, तेही दुखणं होतं.

बाप्तिस्मा आणि सणांचे भाग ठीक आहेत.

खटकलं ते सहाव्या भागात. ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत, असं ठरवणारी ४५१ ची खाल्केदोनची परिषद दोन वाक्यांत संपते आणि तो निर्णय न मानणारी कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन, सिरियन ही चर्चं ‘इतर’ म्हणून एका दमात उरकली जातात. वर त्यांना ‘एकस्वभाववादी’, म्हणजे ख्रिस्ताचा फक्त दैवी स्वभाव मानणारी, म्हटलंय. हे नाव त्या चर्चना मुळीच मान्य नाही. ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व एका स्वभावात एकवटलंय, त्यातलं काहीही नाहीसं झालेलं नाही, असं ते सांगतात. दीड हजार वर्षं जपलेली श्रद्धा तिच्या विरोधकांनी दिलेल्या नावाने शिकवू नये. निर्मात्यांना मी तसं कळवलंय आणि ४५१ वर स्वतंत्र भाग करा, अशी विनंतीही केलीय.

घेतलात तर चौथा भाग आधी ऐका, मग पहिल्याकडे या.