कबाबसाठी बांबूच्या काड्या घ्याव्यात की स्टीलच्या सळया?

घरी टिक्का-कबाबचा बेत ठरला की सळयांचा प्रश्न येतोच. बहुतेक जण बांबू की स्टील, एवढंच बघतात. माझ्या मते त्याआधी सळई गोल आहे की चपटी, हे बघायला हवं.

गोल, गुळगुळीत स्टीलच्या सळईवर पनीर ओवा आणि ती शेगडीवर फिरवून बघा. सळई फिरते, पनीर मात्र जागचं हलत नाही. खालची बाजू करपते, वरची पांढरीच राहते. चपट्या सळईबरोबर तुकडाही फिरतो. पनीर-चिकनसाठी साधारण पाव इंच रुंदीची पट्टी पुरते. त्याहून रुंद असली तर पनीर चिरतं. घरात आधीच गोल सळया असतील तर टाकून देऊ नका. प्रत्येक तुकड्यातून दोन सळया समांतर ओवा. कोळंबीला तर मी हेच सुचवेन: एक सळई डोक्याच्या बाजूने, एक शेपटीच्या. मग ती आकसून गोल होत नाही.

बांबूची काडी गोलच, पण थोडी खरखरीत, म्हणून गुळगुळीत स्टीलपेक्षा पकड बरी. स्वस्त, मायक्रोवेव्हमध्येही चालते आणि पाहुण्यांच्या हातात थेट देता येते. इंडोनेशियातलं साते, जपानमधलं याकितोरी हे काडीवर भाजलेल्या मांसाचे प्रकार सहसा बांबूवर होतात, कारण तुकडे लहान असतात आणि काही मिनिटांत भाजून होतात. मोठे, हाडासकट तुकडे शिजेपर्यंत मात्र काडी जळते. अर्धा तास पाण्यात भिजवली तर थोडा वेळ निभावतं, तरी उघडं टोक निखाऱ्यावर आलं की पेटतंच. ते आचेच्या बाहेर ठेवा. आणि चिकनला वापरलेली काडी धुऊन पुन्हा घेऊ नका, कच्च्या मांसाचा रस तिच्या रेषांत मुरतो.

खिम्याची गोष्ट वेगळी. बारीक काडीवर तो टिकत नाही, स्वतःच्याच वजनाने निखाऱ्यात पडतो. तंदूरवाले सीख कबाबला जाड चौकोनी सळई घेतात, तुर्कस्तानातल्या अदाना कबाबला रुंद चपटी लोखंडी पट्टी लागते. तुम्हाला सीख कबाबच करायचे असतील तर बांबूचा विचार सोडा आणि जाड सळयांवरच पैसे घाला. बाकी खिमा नीट बांधला गेला पाहिजे: कांदा किसून घट्ट पिळायचा, थोडं भाजलेल्या चणाडाळीचं पीठ घालायचं, मिश्रण फ्रिजमध्ये गार करायचं आणि ओल्या हाताने सळईवर दाबत न्यायचं.

स्टीलची सळई वर्षानुवर्षं टिकते. फक्त मूठ लाकडी असेल तर ती ओव्हनमध्ये घालू नका, आणि धातूची मूठ चिमट्यानेच धरा. लोखंडी सळई धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर गंज चढतो.

वर्षातून एखाद-दुसरा बेत असेल आणि भाजणं ओव्हनमध्येच असेल, तर बांबूचं पाकीट पुरे. शेगडी घरात आहे आणि हिवाळाभर कोळसे पेटणार आहेत, तर अर्धा डझन चपट्या स्टीलच्या घ्या.

दुकानात जाण्याआधी एक माप घ्या. ओव्हनमध्ये सळई आडवी मावली पाहिजे, नाहीतर दारच लागत नाही. शेगडीला उलट: सळई तिच्या रुंदीपेक्षा चांगली लांब हवी, म्हणजे दोन्ही टोकं काठांवर टेकतात आणि तुकडे निखाऱ्यांच्या वर अधांतरी राहतात.