जुने व्हॉल्व्ह घासायचे की नवे बसवायचे?

बेलापूरच्या मित्राकडे यामाहाची जीपी१२००आर जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) आहे. टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर. तिचे एक्झॉस्ट पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर जायचं तोंड, कमी-जास्त झाकणाऱ्या झडपा) सर्व्हो मोटर केबलने ओढते. कमी आरपीएमला पोर्ट अर्धवट झाकलेलं, वरच्या आरपीएमला पूर्ण उघडं.

मूळ व्हॉल्व्ह पिनने जोडलेले. पिन झिजून तुटली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, पिस्टन गेलाच! ते ठेवायचे तर वेळोवेळी काढून कार्बन खरवडा, पिना तपासा. स्वस्त, पण कंटाळवाणं (तुर्भ्याचा मेकॅनिक ‘उद्या बघू’ म्हणतो ते वेगळंच).

पिनेऐवजी बोल्टने आवळलेले सुधारित व्हॉल्व्ह महाग. वेग वाढत नाही, कार्बन त्यांचाही साफ करावाच लागतो. तरी मी मित्राला तेच घ्यायला लावले.