कुंदा, करदंट, बेसनलाडू की शेंगापोळी? दिवाळीच्या डब्यात काय द्यावं

बेळगावचं माणूस परगावी निघालं की पिशवीत कुंदा, म्हणजे आमची दूध आटवून केलेली मिठाई, आलाच. त्यामुळे दिवाळीला घरी काहीतरी करून वाटूया म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. माझंही तसंच झालं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या नणंदेला घरचा कुंदा रात्रीच्या बसने पाठवला. गाडीची वेळ झाली म्हणून कोमट असतानाच झाकण लावलं, ही माझी घाई. सणाच्या गडबडीत तिच्याकडे डबा उघडला तो तिसऱ्या दिवशी. फोनवर बिचारी म्हणाली, "वहिनी, वास जरा आंबूस येतोय, का मलाच तसं वाटतंय?" तो तिचा भास नव्हता, कुंदा आंबलेलाच होता.

तेव्हापासून पदार्थ ठरवायच्या आधी मी विचार करते तो हा डबा कुठे जाणार आणि कधी उघडला जाणार याचा. चव, खर्च, कौतुक हे सगळं त्यानंतर.

कुंद्याची सगळी गंमत दुधात आहे आणि अडचणही दुधातच. एक लिटर म्हशीचं दूध आटवलं की साधारण 200 ग्रॅम खवा हाताला लागतो. त्यात 100-120 ग्रॅम साखर गेली की कुंदा होतो 300 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाव किलोचे आठ डबे द्यायचे तर सहा-सात लिटर दूध हवं. घरच्या कढईत एका वेळी दोन लिटरच्या वर घेऊ नये, म्हणजे तीन-चार खेपा आल्या, आणि प्रत्येक खेपेला दीडेक तास उलथनं हातातून सुटत नाही. दूध निम्मं झालं की दोन चमचे दही घालायचं, म्हणजे ते हलकंसं फाटून दाणेदार होतं. साखर निम्मी थेट घालायची आणि निम्मी दुसऱ्या भांड्यात कोरडीच वितळवायची. ती आधी कडेने ओलसर दिसते, मग मधाच्या रंगाची होते, मग कोऱ्या चहाच्या. त्या क्षणी ती दुधात ओतायची. चर्र करून फेस उसळतो, हात लांब ठेवा. अर्धा मिनिट उशीर झाला तर कुंदा कडू, लवकर ओतली तर तो नुसताच गोड खवा.

एवढं करून तो बाहेर जेमतेम एक दिवस टिकतो, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. सुट्या मिठाईपुढे 'अमुक तारखेपर्यंत खावी' अशी पाटी लावणं दुकानांना 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं झालं. घरच्या डब्यावर अशी चिठ्ठी कोणी लावत नाही. कुंद्याच्या डब्यावर तरी लावावी, नाहीतर देणाऱ्याला वाटतं दिला, घेणाऱ्याला वाटतं पाडव्याला उघडू. आणखी एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. बेळगावात कुंदा देणं म्हणजे जवळपास प्रत्येकाचं एक ठरलेलं दुकान असताना त्याच्याशी सामना लावणं. पहिला घास घेतानाच माणूस मनात तुलना करतो. म्हणून घरचा कुंदा मी आता फक्त शेजारच्या दोन घरांत देते, वाटीतून, त्याच दिवशी. परगावच्या लोकांना कुंदाच हवा असेल तर निघायच्या दिवशी दुकानातून ताजा घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

करदंट याच्या अगदी उलट. नाव कानडी: करिद अंटु, म्हणजे तळलेला डिंक. गोकाकचं करदंट सगळ्यांनी खाल्लेलं असतं, पण घरी करणारी घरं कमी, म्हणून घरचं दिलं की त्याचं अप्रूप वाटतं. दुधाचा थेंब नाही. काजू, बदाम, खारीक, सुकं खोबरं, डिंक, खसखस, जायफळ आणि गुळाचा पाक. घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहतं, बंगळूरपर्यंतच्या प्रवासात त्याला काही होत नाही. पण खर्च चौघांत सर्वांत जास्त, कारण डब्यात जवळजवळ सुका मेवाच असतो. काजू खानापूर-चंदगडकडच्या ओळखीच्या माणसाकडून तुकडा घेतला तर जरा हलकं पडतं. नाहीतरी करदंटात अख्खा काजू कोण बघतो?

चुका दोनच ठिकाणी होतात. डिंक मंद तुपात थोडा थोडा तळायला हवा. तो लाहीसारखा फुलतो, आणि एक खडा बोटांत चुरडून पाहिला की आतला कच्चा काच लगेच कळतो. तसा राहिला तर खाणाऱ्याच्या दाढेला चिकटून बसतो. दुसरी चूक पाकाची. पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी व्हायला हवी. कडक टणक गोळी झाली तर करदंट न होता चिक्की होते. आणि परतीचा पाऊस रेंगाळलेला असेल तर त्या दिवशी करूच नका, गूळ हवेतली ओल ओढतो आणि वड्या एकमेकींना चिकटतात. घरात नुकतं बाळंतपण झालंय किंवा सकाळी फिरायला जाणारे आजोबा आहेत तिथे करदंटासारखी भेट नाही. आजोबांना कवळी असेल तर मात्र दुसरं काहीतरी द्या.

बेसनलाडूबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तरी दर दिवाळीला चार घरांतून टाळूला चिकटणारे लाडू येतातच. कारण भाजायचा कंटाळा. अर्धा किलो जाडसर दळलेलं बेसन, पाव किलो तूप, मंद आच आणि पाऊण तास. सुरुवातीला पीठ जड असतं, उलथनं ओढावं लागतं. अर्ध्या तासानंतर एकाएकी सैल पडतं, तूप सुटायला लागतं आणि शेजारीण खिडकीतून विचारते, "आक्का, लाडू काय?" तिथे थांबायचं नाही, आणखी पाच-सात मिनिटं. उतरवताना दुधाचा एक हबका मारला की फसफसून कण फुलतो. पिठीसाखर 350-400 ग्रॅम, पण पीठ कोमट झाल्यावरच. गरमात घातली तर मिश्रण पातळ होतं आणि लाडू बसतात. यातून किलोच्या वर ऐवज निघतो, मध्यम आकाराचे तीसेक लाडू. म्हणजे आठजणांचे छोटे डबे एका दुपारीत तयार. टिकतात पंधरा दिवस. लहान मुलापासून कवळीवाल्या आजीपर्यंत सगळ्यांना चालतात. तोटा एकच, प्रत्येक घरात आधीच तीन जणांचे लाडू आलेले असतात.

म्हणूनच माझं मत गेल्या दोन वर्षांत शेंगापोळीकडे झुकलंय. आपल्याकडे ती संक्रांतीच्या आसपास घरोघरी होते, त्यामुळे दिवाळीच्या डब्यात कोणाला तिची आठवण होत नाही. पुण्या-मुंबईकडे गुळाची पोळी माहीत असते, पण दाण्यांच्या भरगच्च सारणाची ही पोळी अनेकांनी खाल्लेली नसते. अर्धा किलो शेंगदाणे, 400 ग्रॅम गूळ, थोडे तीळ, वेलची, एवढ्यात पंचवीसेक पोळ्या. महाग असं काहीच नाही. दाणे मंद भाजून, सालं पाखडून, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. एकदम फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. सारण आणि कणीक मऊपणाला सारखी हवी. सारण टणक राहिलं तर पोळी लाटताना फाटते, गूळ तव्यावर उतरतो, काळा पडतो आणि पुढच्या प्रत्येक पोळीला तो कडवट डाग लागतो. म्हणून तव्याजवळ ओलं फडकं ठेवून दर पोळीनंतर तवा पुसायचा. भाजलेल्या पोळ्या एकावर एक रचू नका, सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग बटर पेपरमध्ये दहा-दहाची चळत. दहा-बारा दिवस खुसखुशीत राहतात, बसमध्ये वरची एखादी मोडली तरी चुरा दुधात घालून खाता येतो. लाटायला हात बसलेला हवा, हे मान्य. पहिल्यांदाच करत असाल तर आधी घरच्यांसाठी पाच करून बघा.

शेंगदाण्याचं काहींना वावडं असतं, विशेषतः लहान मुलांना. नव्या ओळखीच्या घरी द्यायच्या आधी विचारून घ्यावं. आणि 'गुळाचं आहे, साखर नाही' असं सांगून मधुमेहाच्या माणसाला काहीही देऊ नये. गुळानेही साखर वाढतेच. त्यांच्यासाठी मी भाजक्या पोह्यांचा चिवडा वेगळा करते, शेंगदाणे-डाळं घालून, साखर न घालता. तो बिनचूक होतो, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

मांडे मात्र मनातलेच बरे. उपड्या घागरीसारख्या भांड्यावर ती पातळ पोळी टाकणारे हात वेगळेच असतात. लग्नकार्याला विकत आणावेत.

करंज्यांबद्दल एक अडचण सांगते. आमची कॅम्पातली एक जुनी मैत्रीण नाताळात नेवऱ्या आणि दोदोल, म्हणजे नारळाचं दूध नि गूळ आटवून केलेली मऊ वडी, पाठवते. नेवरी म्हणजे करंजीच म्हणा ना. दिवाळीला तिला करंज्या पाठवल्या की डिसेंबरात तेच उलट येतं, म्हणून तिच्याकडे ठरवून दुसरं काहीतरी जातं. तिचा डबा मी रिकामा परत करत नाही आणि तीही माझा करत नाही, त्यामुळे तो स्टीलचा डबा नेमका कोणाचा हे आता दोघींनाही आठवत नाही.

डब्याबद्दल एवढंच, की प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात पदार्थ सुंदर दिसतो, पण लाडवाचं तूप दोन दिवसांत कडेला पसरतं आणि झाकण सैल होतं. जवळच्या घरी स्टील, लांबच्या घरी पुठ्ठ्याचं खोकं आणि आत बटर पेपर.

तुमच्याकडे एकच सुट्टी असेल आणि यादी मोठी असेल तर बेसनलाडू करा, डोळे झाकून. दोन दिवस हाताशी असतील तर एक दिवस लाडू आणि एक दिवस पोळ्या. करदंट चार-पाच ठरावीक घरांपुरतंच, तेही नरकचतुर्दशीच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे पाक बिघडला तरी पुन्हा करायला वेळ उरतो. कुंदा शेवटी, आदल्या संध्याकाळी, एक लिटरचाच.

यंदा नणंदेला वीस शेंगापोळ्या गेल्यात. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, सारणात गूळ कोणता घातलास म्हणून.