व्हेपरसिंथ: टीव्ही आणि वेब मिळून एक स्वच्छ भाग

टोकियोत निशिकासाईला राहते. व्हिडिओ एडिटिंग हा पोटापाण्याचा धंदा, आणि मध्यरात्रीनंतर लागणारं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) रेकॉर्ड करून ठेवायची खोड जुनी. तोच भाग वेबवरही येतो. दोन्ही शेजारी लावून नीट बघितले की लक्षात येतं, धड एकही नाही. टीव्हीवर कोपऱ्यात चॅनलचा लोगो, मध्येच वर भूकंपाच्या सूचनेची पांढरी अक्षरं. वादळ आलं असेल तर बाजूला आणि खाली बातम्यांच्या पट्ट्या आणि त्यात आक्रसलेलं चित्र. वेबवर ही कटकट नाही, पण रात्रीचं आकाश आलं की गडद निळ्याच्या सरळ पायऱ्याच दिसतात. चित्रकारांनी खपून रंगवलेलं आकाश असं तुकड्यातुकड्यांत बघवत नाही. म्हणून मी व्हेपरसिंथकडे वळले, आणि आता त्याच्याशिवाय काम करायची इच्छा नाही.

फ्रेड्रिक मेलबिन यांनी 2012 मध्ये आणलेलं, कोडच्या ओळी लिहून व्हिडिओ सुधारायचं हे मोफत सॉफ्टवेअर. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. याच कामाचं जुनं एव्हिसिंथ ज्यांनी वापरलंय त्यांना ढाचा ओळखीचा वाटेल. फरक हा, की इथे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचं. टाइमलाइन नाही, बटणं नाहीत. चित्र बघायलासुद्धा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि बहुतेक कामाचे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) वेगळे आणून बसवावे लागतात. प्रीमियरसारख्या बटणांच्या एडिटिंग सॉफ्टवेअरची सवय असलेल्याला पहिले काही दिवस जड जातील, हे आधीच सांगते. पण लिहिलेली ओळ पुढच्या आठवड्याच्या भागाला जशीच्या तशी लागू पडते, तेव्हा त्या कष्टांचं चीज होतं.

मुख्य अडचण दोन्हींची गती जुळवण्याची. ॲनिमे सेकंदाला 23.976 चित्रांचं. जपानी टीव्हीवर ते सेकंदाला 59.94 फील्डमध्ये (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) वाटलं जातं, एका चित्राला दोन फील्ड, पुढच्याला तीन. त्यामुळे दर पाच फ्रेमपैकी दोन फ्रेममध्ये दोन चित्रं मिसळतात आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीआयव्हीटीसी या प्लगइनमधलं व्हीएफएम योग्य फील्ड जोडून देतं, व्हीडेसिमेट पाचातली दुबार फ्रेम काढून टाकतं. शेवटच्या श्रेयनामावलीला मात्र हे लावू नका. तिथे मागचं चित्र 24 च्या चालीचं आणि अक्षरं बऱ्याचदा टीव्हीच्या चालीने सरकणारी. एक सुधारलं की दुसरं धक्के खातं. तेवढा तुकडा मी सरळ वेबमधून घेते.

जाहिराती आणि प्रायोजकांच्या पाट्या ट्रिम या आज्ञेने कापल्या की प्लेनस्टॅट्स ही आज्ञा लावायची. ती दोन्ही क्लिपमधला फरक फ्रेमगणिक आकड्यात सांगतं. आकडा एकदम उसळला तर दोनच शक्यता: एखादी फ्रेम सरकली, नाहीतर पडद्यावर सूचना आली. म्हणजे भूकंपाची अक्षरं शोधायला अख्खा भाग डोळ्यांत तेल घालून बघावा लागत नाही. सापडलेल्या जागी मऊ कडांचा मास्क (कुठलं चित्र कुठे दिसावं ते ठरवणारा साचा) करायचा आणि मास्क्डमर्जने तेवढ्या भागात वेबचं चित्र बसवायचं. लोगोलाही हाच उपाय.

मला सगळ्यात आवडतं ते याच्या पुढचं काम. बहुतेक जमिनीवरचे (अँटेनावर दिसणारे) चॅनल 1440 बाय 1080 मध्ये एमपेग-2 या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीने पाठवतात, म्हणजे रुंदी ताणून 1920 करावी लागते. साहजिकच पापण्यांच्या बारीक रेषा वेबवर जास्त रेखीव. उलट माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आकाशाचे उतरते रंग टीव्हीवर जास्त टिकलेले. मग दोन्ही क्लिप बॉक्सब्लरने धूसर करायच्या, मेकडिफने वेबमधला फक्त बारीक तपशील वेगळा काढायचा, आणि मर्जडिफने तो टीव्हीच्या धूसर चित्रावर चढवायचा. रंगांचा उतार टीव्हीचा, रेषा वेबची! एका दृश्यात मुलगी खिडकीपाशी उभी आहे, मागे पहाट; तिच्या केसांची कड आणि मागचा फिका जांभळा रंग दोन्ही एकाच वेळी नीट दिसले तेव्हा मी ती फ्रेम कितीतरी वेळ बघत होते. हे सगळं 16 बिटमध्ये करा (जितके बिट जास्त, तितक्या रंगांच्या छटा बारीक) आणि शेवटी डिदर करून, म्हणजे छटांच्या सीमा बारीक कणांनी मोडून, 10 बिटवर आणा. 8 बिटवर केलंत तर घालवलेल्या पायऱ्या परत येतात. मारामारीच्या दृश्यांत मात्र एमपेग-2 चे चौकोन फुटतात, तिथे मी टीव्हीचा हट्ट धरत नाही.

जे दोन्हींत नाही ते आणता येत नाही. डिसेंबर 1997 मध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लुकलुकत्या प्रकाशाने शेकडो मुलं रुग्णालयात गेली, आणि 1998 पासून जपानी प्रसारणाला त्याबाबत नियम आले. म्हणून स्फोटाच्या दृश्यात चित्र मुद्दाम अंधारं केलेलं असतं, आणि वेबवर अनेकदा तीच प्रत येते. तो उजेड हवा असेल तर ब्लू-रेची वाट बघायची. आवडलेली मालिका मी घेतेच. बनवणाऱ्यांना पैसे तिथून मिळतात, आणि ही माझी जोडकामं घरात बघण्यापुरतीच आहेत. पण ब्लू-रेमध्ये बरीच चित्रं सुधारून घेतलेली असतात. त्या रात्री पहिल्यांदा जे दिसलं, ते तिथे असेलच असं नाही, आणि मला ते जपायचं आहे.

नवीन माणसाने अख्ख्या भागाला हात घालू नये. ओपनिंगचं गाणं घ्या: दीड मिनिटाचं आणि बहुधा दर आठवड्याला तेच. तीन आठवड्यांची रेकॉर्डिंग जुळवून एक्सप्र या गणिताच्या आज्ञेने प्रत्येक पिक्सेलचा मधला आकडा घेतला की एकाच आठवड्यात आलेली सूचना आपोआप गळते, आणि दर वेळी वेगळी असलेली दाबणीची घाणही बरीच कमी होते. लोगो तेवढा तिन्हींत त्याच जागी असतो. त्या कोपऱ्यासाठी वेबची प्रत हाताशी ठेवा.