कमरेतले इंजेक्शन : मागची जागा की बाजूची?

‘कमरेत सुई’ असे आपण म्हणतो खरे, पण ती टोचली जाते कुल्ल्याच्या स्नायूंत; आणि नेमकी कोठे टोचावी, हे तेथून जाणाऱ्या नसांच्या (म्हणजे मज्जातंतूंच्या, रक्तवाहिन्यांच्या नव्हे) वाटा पाहूनच ठरवावे लागते. वॉर्डात नव्याने आलेल्या परिचारिकेपुढे दोन जागा असतात : कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश, म्हणजे डॉर्सोग्लुटिअल, आणि खुब्याच्या बाजूची व्हेंट्रोग्लुटिअल.

मागच्या जागेची खरी अडचण सायटिक नर्व्ह ही आहे. कण्यातून निघणाऱ्या एल-४ ते एस-३ या मज्जामुळांपासून बनलेली शरीरातील ही सर्वांत जाड नस सुमारे २ सेंटीमीटर रुंद असते आणि बहुधा कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस या खोल स्नायूच्या खालून बाहेर पडून मांडीकडे उतरते. ग्लुटिअस मॅक्सिमस या कुल्ल्याच्या सर्वांत मोठ्या स्नायूला चालवणारी इन्फीरिअर ग्लुटिअल नर्व्हही तेथूनच येते. चतुर्थांश आखताना वरची सीमा इलिॲक क्रेस्टपासून, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून, धरायची असते. ती विसरून नुसत्या फुगीर मांसल भागाचे चार तुकडे पाडले, की सुई खाली आणि मध्याकडे सरकते. सायटिक नर्व्हला धक्का लागला तर पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. या नसेचा कॉमन पेरोनिअल भाग, म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारा, बाहेरच्या बाजूला असल्याने तोच अधिक दुखावतो. मग पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल निसटते. लहान मुलाचा पाय अचानक लुळा पडल्यास तपासात पोलिओबरोबर इंजेक्शनने दुखावलेल्या नसेचाही विचार करतात, तो यामुळेच.

बाजूच्या जागेत सायटिक नर्व्ह दूर राहते, चरबीचा थरही सहसा पातळ असतो. तथापि ही जागा नसाविरहित आहे, असे सांगणारे चुकतात : सुपीरिअर ग्लुटिअल नर्व्ह पिरिफॉर्मिसच्या वरून निघून ग्लुटिअस मिडिअस आणि मिनिमस या कुल्ल्याच्या स्नायूंमधून पुढे येते, फक्त येथवर तिच्या शाखा बारीक झालेल्या असतात. तिचे मूळ खोड दुखावले तर त्या पायावर उभे राहताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते.

बाजूची जागा शोधताना डाव्या खुब्यासाठी उजवा तळवा ग्रेटर ट्रोकँटरवर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खुब्याशी लागणाऱ्या उंचवट्यावर, टेकवावा, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवावी, मधले बोट इलिॲक क्रेस्टकडे ताणावे आणि दोन बोटांमधल्या बेचक्यात सुई घालावी.

प्रौढ रुग्णासाठी मी बाजूचीच जागा निवडेन. मागची जागा केवळ हाताच्या सवयीने टिकून आहे. तान्ह्या बाळाला दोन्ही टाळून मांडीची पुढची-बाहेरची बाजू घ्यावी. मागूनच द्यावे लागले, तर कमरेच्या हाडाच्या पाठीकडच्या टोकापासून ट्रोकँटरपर्यंत मनात रेघ ओढून सुई तिच्या वर आणि बाहेर ठेवावी.