तेराच गोण्या
घराच्या गिलाव्याचा हिशेब: मजुरी ५०,४००, सिमेंट ३४ गोण्या १२,५८०, वाळू दोन ब्रास १३,०००, परांची ९,०००, वॉटरप्रूफिंगचं केमिकल ४,२००. एकूण ८९,१८० रुपये. त्यातले ६०,००० ऑनलाइन, २९,१८० रोख, बिनपावतीचे. हो, कळतंय मला. ‘बिल घेतलंत तर जीएसटी लागेल’ असं ठेकेदाराने म्हटल्यावर मीच पाघळलो.

कोकणातलं जांभ्या चिऱ्याचं घर, बाहेरून १,८०० चौरस फूट गिलावा, दोन कोट. मे महिन्यात झाला. जुलैत पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा फुगला आणि एका रात्री पापुद्रा सुटावा तसा खाली आला. तुकडा बोटांनीच चुरला. चिरा पाणी पितो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी कोरड्या भिंतीवर माल थापला. पाणी मारणंही दोन दिवसांत बंद, का तर केमिकल घातलंय. असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे काम थांबवा.

कळायला हवं होतं ते आधीच. पावसाळ्यात लाकडांवर घालायला आई रिकाम्या गोण्या गोळा करत होती. एकेक झटकून, विहिरीवर धुऊन वळणीवर टाकायची. एका संध्याकाळी म्हणाली, “तेराच झाल्या रे.” मी तिलाच समजावलं, कामगारांनी नेल्या असतील. एकवीस गोण्या! नेसतात की काय ते?

दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट वाळू, तेरा गोण्या म्हणजे जेमतेम सोळा घनफूट सिमेंट. ठरलं होतं एकास पाच, पडलं एकास बारा. मी शनिवार-रविवार मुंबईहून येणारा माणूस, माल कालवताना रोज कोण उभं राहणार? ठेकेदाराने आधी केलेली दोन घरं बघितली होती मी. दोन्ही नवीकोरी. एक पावसाळा काढलेलं काम बघा, आणि बोटाच्या पेराने वाजवून बघा, बद्द वाजलं तर आत पोकळ.

पोलीस ठाण्यात तुकडे पिशवीतून नेले. “टेबल खराब होतंय. काम केलंय ना त्याने? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला, कोर्टात जा.” दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर “विश्वास नाही का आमच्यावर?” नाही, साहेब. ग्रामपंचायत म्हणते ठेकेदार परगावचा, आम्ही काय करणार. मग घरपट्टीची नोटीस बरी वेळेवर येते!

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अर्ज भरतोय. पण रोखीचा कागद कुठून आणू?

गोण्या अजून लाकडांवर आहेत. आई कुणाला हात लावू देत नाही. म्हणते, पुरावा आहे तो.